शून्याच्या खाली

१

माझ्या सुनेने खोटा अहवाल दिला, असं तिच्या साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं. ती घरी आली आणि खांद्यावरची पर्सही न काढता माझ्यासमोर खुर्चीत बसली.

"आई, मी काही केलेलं नाही," ती म्हणाली.

मी अख्खी नोकरी विमा कंपनीत काढली, ठोकलेल्या गाड्या तपासण्यात. ऑफिसात मला भिंगबाई म्हणायचे, तेही तोंडावर. संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यापासून तेच काम फुकट करते. 'मी काही केलेलं नाही' हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की ते कानावर पडलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. तसा तो गेला, आणि तिने तो पाहिला.

"तुमचाही विश्वास नाही ना?"

"आधी झालं काय ते सांग. विश्वासाचं मागाहून बघू."

झालं होतं ते असं. सून धूर मोजणाऱ्या प्रयोगशाळेत इंजिनीयर आहे. पूर्वी गाडी खोलीत रोलरवर उभी करून तपासायचे आणि पाहुणे आल्यावर मुलं जशी शहाणी होतात तशा गाड्या तिथे वागायच्या. आता मोजणीची पेटीच गाडीवर बसवतात. पेटीची नळी धुराच्या नळीला जोडायची आणि गाडी भर रस्त्यात सोडायची. ती पळेल तशी पेटी त्यातला विषारी वायू मोजत जाते. मुलांच्या हॉस्पिटलसमोरून नव्या बसगाड्या सुरू व्हायच्या होत्या. त्यातली एक सुनेने तपासली. पेटी म्हणाली, बस स्वच्छ. सुनेने सही केली.

पण त्याच बसच्या धुराच्या नळीत पडताळ्यासाठी एक छोटा सेन्सर कायमचा बसवलेला होता. त्याचे आकडे थेट साहेबांकडे गेले, आणि तो सबंध रस्ताभर सांगत होता की बस घाण आहे.

"सेन्सर बिघडला असेल."

"काढून तपासला. ठणठणीत आहे. पेटीही ठणठणीत आहे, तिचं सील शाबूत आहे. मग राहिलं कोण? मी." तिने पर्स मांडीवर घेतली. "तीन दिवसांनी चौकशी आहे. त्याआधी चूक कबूल करून राजीनामा दिला तर प्रकरण मिटवतो म्हणाले. नाही तर माझी सही पुन्हा कुठेच चालणार नाही."

मुलगा आतून तिच्यासाठी पाणी घेऊन आला. तो वायूच्या टाक्या भरण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, पण घरी आला की त्याला कसलाही कमीपणा वाटत नाही. सुनेची कंबर धरते म्हणून तिच्या त्या जड पेट्या गाडीत चढवणं-उतरवणं तोच करतो. चारचौघांत सांगावा असा मुलगा.

"देऊन टाक राजीनामा," तो म्हणाला. "कशाला डोक्याला ताप? दुसरीकडे मिळेल काम."

"दिला तर मीच केलं असं होईल."

"होऊ दे ना. चार दिवसांत विसरतात लोक."

त्याला भांडणं सोसत नाहीत, लहानपणापासून. मी सुनेच्या हातांकडे बघत होते. ते पर्सचा पट्टा पिळत होते आणि त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. साहेब उंच, पातळ, टेबलावरचा पेनसुद्धा कडेला समांतर ठेवणारे.

"आपण कोण?"

"सासू."

त्यांना हसू आवरलं नाही. "सासूबाई सुनेची बाजू घेऊन आल्या? ऐकावं ते नवलच."

"बाजू अजून ठरायची आहे," मी म्हणाले. "पेटी दाखवता का?"

त्यांनी दाखवली. बऱ्यापैकी मोठ्या सुटकेसएवढी, दोन्ही बाजूंना कड्या. शेजारी पितळी तोंडाच्या दोन बाटल्या. एकीवर पांढरी पट्टी, दुसरीवर पिवळी. दोन्ही एकाच मापाच्या, प्रत्येकीवर दाब दाखवणारा काटा. पिवळीचा काटा बराच खाली उतरलेला, पांढरीचा अगदी वरच्या टोकाला टेकलेला.

"या कशाला?"

"पेटीला शिकवायला," साहेब म्हणाले. "पांढरीत शुद्ध वायू असतो. तो हुंगवून पेटीला सांगायचं, याला शून्य म्हण. पिवळीत विषारी वायू मोजून मिसळलेला असतो. तो हुंगवून सांगायचं, याला इतकं म्हण. चाचणीच्या आधी एकदा आणि संपल्यावर पुन्हा एकदा. मधल्या काळात पेटी बहकली नाही ना, ते कळतं."

"आणि बहकली नव्हती?"

"अजिबात नाही. म्हणूनच तर आकडे मागाहून कुणीतरी फिरवले, असं मी म्हणतो." त्यांनी पेन पुन्हा सरळ केला. "पेटी आणि बाटल्या आदल्या संध्याकाळी तिच्या ताब्यात, तिच्या गाडीच्या डिकीत. परत आल्या त्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात हात लावणारं दुसरं होतं कोण?"

मी दुसरीकडून शिरले.

"नळीतला तो सेन्सर कुणाकुणाला माहीत होता?"

"मला, तिला. डेपोच्या फोरमनला, कारण त्याने तो बसवला. ड्रायव्हरला, कारण त्याच्यासमोर त्याचा दिवा लागतो. आणि बस कंपनीच्या माणसाला, कारण त्याची लेखी संमती घेतली. बाहेर कुठेही बोलायचं नाही असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं."

"घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा."

खरं होतं. मला त्या सेन्सरचा पत्ता कालच लागला होता. माझी सून महिनोन्‌महिने एक गोष्ट पोटात ठेवू शकते, हे मला नव्याने कळत होतं. आणि जी एक गोष्ट पोटात ठेवते ती दोनही ठेवू शकते.

३

डेपोत पोचले तेव्हा बस कंपनीचा माणूस बसभोवती येरझाऱ्या घालत होता. त्याच्या अंगाला अत्तराचा असा वास की शेजारी डिझेल सांडलं असतं तरी कळलं नसतं. ज्याला एवढा वास लपवावा लागतो त्याच्याकडे मी दोनदा बघते.

"बस नापास झाली तर तुमचं नुकसान," मी म्हणाले.

"नुकसान? बाई, नवीन कारखाना काढायचा बेत आहे आमचा. माणसं हेरून झालीत, मुलाखती झाल्यात. सगळं या बसवर अडलंय." तो कपाळ पुसत म्हणाला. "पण मला सांगा, नळीत सेन्सर बसवायला मी स्वतः संमती दिली. बस घाण आहे हे ठाऊक असतं तर दिली असती? आमच्या लोकांनी मला सांगितलं स्वच्छ आहे, मी मान डोलावली. आता दोन्हीकडून शिव्या खातोय."

पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं बोलणाऱ्यांनी मला आयुष्यात फार फसवलंय, म्हणून मी त्याला मनातल्या यादीतून काढलं नाही.

फोरमन गाडीखाली होता. तो बाहेर आलाच नाही, खालूनच बोलला. "नळी मी जोडली. सुटली असती, कुठे हवा शिरली असती, तर परत आल्यावर कळलं असतं. बाईंनी स्वतः तपासली. त्यांचं काम चोख असतं. विचारायचं असेल तर सावकाशला विचारा."

सावकाश म्हणजे ड्रायव्हर. हे नाव त्याच्या हाकण्यावरून पडलं होतं.

"तुम्ही गाडी हळू हाकलीत म्हणून धूर कमी आला, असं म्हणतात," मी खडा टाकला.

"कोण म्हणतं? मी हळू हाकली की वेगात, सेन्सर आहेच की आत. त्याला घाण दिसली, मग पेटीला का नाही? बाई मागे पेटीपाशी, त्यांना दिसत नव्हता, पण माझ्यासमोर त्याचा लाल दिवा सारखा पेटत होता." त्याने तंबाखूची पुडी खिशात परत ठेवली. "हॉस्पिटलच्या सिग्नलला तर बराच वेळ अडकलो. इंजिन चालू, दिवा लाल, आणि बाजूला मुलांना कडेवर घेतलेल्या बाया. मलाच कसंतरी झालं."

"सिग्नलला इंजिन बंद नाही केलंत?"

"नियमच आहे चाचणीचा. बंद फक्त टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे चहाला थांबलो."

तिघांशी बोलून झालं आणि मी होते तिथेच होते. दाराशी येईपर्यंत माझ्या मनात फक्त सुनेचं नाव उरलं होतं.

४

संध्याकाळी मी तिला म्हणाले, "अहवाल दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. आकड्यांचं मला वावडं आहे, पण आलेखावरची रेघ मला वाचता येते. रेघ चढत होती, उतरत होती, आणि मधे मधे तळाला चिकटून सपाट झाली होती.

"ही टेकडी का? चहाची?"

"हो. इंजिन बंद, म्हणून शून्य."

"आणि ही दुसरी सपाट?"

तिने नकाशाशी ताडून पाहिलं. "हॉस्पिटलचा सिग्नल."

"तिथे इंजिन चालू होतं."

"हो."

"मग चालू इंजिनाचं शून्य आणि बंद इंजिनाचं शून्य एकाच उंचीचं कसं?"

तिची बोटं कळफलकावर थांबली. "आई, आमच्याकडे उणे आकडे दाखवत नाहीत. हवेत थोडं वरखाली होतं, कधी आकडा शून्याखाली जातो. साहेबांना ते दिसायला बरं वाटत नाही, लोक हसतात म्हणतात. म्हणून शून्याखालचं सगळं शून्य दाखवायचं. पेटीच्या पडद्यावरसुद्धा. मी त्यावरून किती चिडले होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, भाजी वाढून घे आणि गप जेव."

आठवलं. मी असंच म्हणाले होते.

"मूळ आकडे असतील ना कुठेतरी?"

"पेटीत असतात, त्यांची प्रत लॅपटॉपवर येते. कुणी बघत नाही." तिने ते उघडले. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. "टेकडीवर बघा. स्वच्छ हवा, इंजिन बंद... आणि आकडा शून्याच्या कितीतरी खाली. थोडाथोडका नाही, आई. पार खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे हवेत जितकं असायला हवं त्याहूनही कमी. असं होऊच शकत नाही. काहीच नसण्यापेक्षा कमी कसं असेल?" ती स्वतःशीच बोलत होती. "पेटी ज्याला शून्य समजत होती ते शून्य नव्हतंच. तिला आधीच घाण हुंगवली आणि सांगितलं, हे शून्य. मग घाण बस तिला स्वच्छच वाटणार."

दाराशी चप्पल वाजली. मुलगा कामावरून आला होता. "अजून तेच चाललंय?" असं म्हणून तो हातपाय धुवायला निघून गेला. जेवतानाही तो विशेष बोलला नाही.

५

सकाळी कपडे वाळत घालताना माझ्या डोळ्यांसमोर तो पितळी काटा आला. मी ओले कपडे तसेच टाकले आणि सुनेला ऑफिसात फोन लावला.

"एका चाचणीत बाटल्यांचे काटे किती उतरतात?"

"चांगलेच. आधी आणि नंतर दोनदा हुंगवायचं असतं ना."

"दोन्हींचे?"

"दोन्हींचे. सारखेच."

प्रयोगशाळेत मी पाहिली ती पांढरी बाटली भरलेली होती, तोंडोतोंड. म्हणजे चाचणीत ती वापरलीच गेली नव्हती. तिच्या जागी तशीच दुसरी बाटली होती. पट्टी पांढरी, पण आत विषारी वायू. चाचणी संपल्यावरही पेटीला त्याच बाटलीने पुन्हा शून्य शिकवलं, म्हणून पेटी बहकलेली दिसली नाही. आणि प्रयोगशाळेत परत जायच्या आत खरी बाटली जागेवर आली.

हे कुणी केलं? मी बादलीवर बसले आणि नेहमीसारखा हिशोब लावला.

ज्याने केलं त्याला माहीत हवं की शून्याखालचे आकडे पडद्यावर येत नाहीत. नाही तर सुरुवातीलाच पेटी उणे दाखवती आणि सुनेने चाचणी थांबवली असती. हा नियम फोरमनला, सावकाशला, अत्तरवाल्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठाऊक होता साहेबांना आणि सुनेला.

पण ज्याने केलं त्याला नळीतला सेन्सर माहीत नव्हता. माहीत असता तर एवढा खटाटोप करून उपयोग काय? सेन्सर पितळ उघडं पाडणारच. सेन्सर तर साहेबांना माहीत होता, सुनेलाही माहीत होता. मग दोघंही सुटले.

म्हणजे हवा असा माणूस, ज्याला शून्याचा नियम ठाऊक आणि सेन्सरचा पत्ता नाही. असं कोण असणार, म्हणून मी स्वतःशीच हसले, कारण अशी एक व्यक्ती माझ्या ओळखीची होती. मी. मला नियम जेवताना कळला होता आणि सेन्सर परवा.

हसू तिथेच थांबलं. त्या दिवशी जेवायला मी एकटी नव्हते. सून चिडून बोलत होती, मी तिला गप करत होते, आणि समोर तिसरं माणूस मुकाट्याने जेवत होतं. डिकीत बाटल्या ठेवणारं आणि काढणारंही तेच होतं.

मी किती वेळ बादलीवर बसले होते कोण जाणे. कपडे तिथेच पिळे होऊन पडले होते.

६

कारखान्यात मी पहिल्यांदाच गेले. फाटकाआत टाक्याच टाक्या, रांगेने उभ्या, रंगारंगांच्या. त्या एकमेकींवर आपटल्या की दातांत कळ जायची. मुलगा मला बघून पळतच आला. "आई? काय झालं? बरं आहे ना?"

"पांढऱ्या पट्टीच्या बाटलीत पिवळीतला वायू भरला तर बाहेरून कळतं?" मी विचारलं.

त्याने हातातले मोजे काढले, पुन्हा घातले. "आई, इथे नको."

"मग कुठे? घरी ती आहे."

तो मला टाक्यांच्या आडोशाला घेऊन गेला. मला अजून वाटत होतं, तो चिडेल, म्हणेल काय भलतंच बोलतेस. तो चिडला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

"नव्या कारखान्यात मला प्रमुख करणार होते," तो म्हणाला. "मुलाखत झाली होती. बस पास झाली की पत्र देतो म्हणाले."

"त्यांनी सांगितलं हे करायला?"

"कुणी नाही. कुणाला माहीतही नाही. मलाच वाटलं..." त्याने नाक पुसलं. "तिला काही होणार नव्हतं, आई. पेटीने सांगितलं, तिने सही केली, झालं. तो सेन्सर आहे हे तिने मला सांगितलं असतं तर मी केलं असतं का? नवऱ्यापासून लपवायचं?"

"तिने शब्द दिला होता."

"आणि तू? तू तिची बाजू घेणार?"

"तू तिला राजीनामा द्यायला सांगत होतास," मी म्हणाले. एवढंच माझ्या तोंडून निघालं. "पाणी हातात देऊन सांगत होतास."

तो रडायला लागला. तो रडला की मी पदर पुढे करते, कायम केलाय. त्या दिवशी माझे हात जागेवरून हलले नाहीत.

"उद्या सकाळी चौकशीला ये," मी म्हणाले. "तुझ्या तोंडाने सांग. तेवढं तरी तिला दे."

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. संध्याकाळी फोन आला की जोडपाळी आहे, घरी येणार नाही.

७

चौकशीच्या खोलीत साहेब, दोन अनोळखी अधिकारी, अत्तरवाला आणि सून. सुनेसमोर कबुलीचा कागद ठेवलेला. मी दाराकडे तोंड करून बसले. रात्रभर मी तिला काही सांगितलं नव्हतं. त्याने स्वतः सांगावं, एवढी एक वेडी आशा मी धरून ठेवली होती.

मूळ आकडे सुनेने दाखवले. साहेबांनी ते पाहिले, मान वाकडी केली. "शून्य चुकीचं शिकवलं गेलं, एवढंच यातून दिसतं. शिकवलं तर तुम्हीच. बाटल्या तुमच्याच गाडीत होत्या. करता सही?"

दारात कुणी नव्हतं. सुनेने पेन उचलला नाही. तिला वाटत होतं, कुणीतरी डेपोत बाटली बदलली. ते सिद्ध कसं करणार?

मी उठले. काट्याचं सांगितलं, भरलेल्या बाटलीचं सांगितलं. साहेबांनी बाटली मागवली. काटा वरच्या टोकालाच होता. मग मी दोन प्रश्न विचारले, शून्याचा नियम कुणाला ठाऊक होता आणि सेन्सर कुणाला ठाऊक नव्हता.

"असा माणूस कोण आहे?" एका अधिकाऱ्याने विचारलं.

सून माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मला आमचं जेवणाचं टेबल दिसलं. ती खुर्च्या मोजत होती. मी तोंड उघडायच्या आधीच ती तिसऱ्या खुर्चीपाशी पोचली होती.

"माझा मुलगा," मी म्हणाले. "काल त्याने माझ्यापाशी कबूल केलंय."

अत्तरवाल्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. साहेबांनी कबुलीचा कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला, त्याची घडी घातली. मला वाटलं होतं, बाजू ठरली का म्हणून टोमणा मारतील. त्यांनी मारला नाही. उद्या बसची पुन्हा चाचणी, असं ते म्हणाले, आणि सुनेकडे न बघता पुढे म्हणाले, ती तुम्हीच घ्यायची.

जिन्यात ती थांबली.

"तुम्ही आधी माझ्यावर संशय घेतला होतात ना?"

"पहिल्या क्षणापासून."

"आणि त्याच्यावर?"

मी कठड्याला धरून उभी राहिले. खोटं बोलायला जागा नव्हती. "त्याचं शून्याखालचं सगळं मी आजवर शून्यच धरत आले."

खाली जाऊन तिने डिकी उघडली, परत आली आणि उद्याच्या चाचणीसाठी बाहेर काढून ठेवलेल्या पेटीच्या एका कडीला हात घातला. पेटी तिच्या एकटीने उचलली जाईना. दुसरी कडी मी धरली.